टायर पुन्हा काळेभोर कसे करावेत: नागपूरच्या उन्हात आणि काळ्या मातीत

गाडी धुऊन पुसून अंगणात उभी आहे, काचा लख्ख आहेत, बॉनेटमध्ये तोंड दिसतंय आणि टायर मात्र जुन्या चपलेच्या तळासारखे तपकिरी. मग टायर पॉलिशची बाटली येते, त्या तपकिरी थरावरच चोपडली जाते, दोन दिवस टायर ओलसर चमकतात आणि तिसऱ्या दिवशी धूळ बसून आधीपेक्षा वाईट दिसतात. नव्याने गाडी सांभाळायला लागलेल्या बहुतेकांचं इथेच चुकतं. टायरचा काळा रंग रबरातच आहे. वरचा थर निघाला की तो आपोआप दिसतो, पॉलिश फक्त त्याला थोडं खुलवतं आणि काही दिवस टिकवतं. म्हणून वेळेची वाटणी अशी ठेवा: चार टायरना तास लागणार असेल तर ४० मिनिटं धुण्या-घासण्याला, १० मिनिटं वाळवायला, १० मिनिटं पॉलिशला.

टायर तपकिरी का पडतो

रबर मूळचं पांढुरकं असतं आणि सुरुवातीच्या काळातले टायरही तसेच फिकट असत. त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी बारीक भुकटी, मिसळायला लागल्यावर रबर चिवट झालं, कमी झिजायला लागलं आणि काळं झालं. उन्हातल्या अतिनील किरणांपासूनही हीच भुकटी रबराला वाचवते. पण हवेतला ओझोन वेगळा त्रास देतो, तो रबराला बारीक भेगा पाडतो. त्यासाठी कारखान्यातच रबरात ओझोनरोधक रसायन आणि मेण घालतात. गाडी चालताना टायर दबतो, सुटतो, तापतो, तसं हे रसायन हळूहळू पृष्ठभागावर येतं, ओझोनला स्वतः सामोरं जातं आणि तपकिरी पडतं. या प्रकाराला ब्लूमिंग म्हणतात. म्हणजे तपकिरी टायर हा खराब टायर नव्हे, तो आपलं काम करतोय. त्यावर ब्रेकची काळी पूड, रस्त्यावरची धूळ आणि आधीच्या पॉलिशचा चिकट अंश बसत जातो आणि सगळं मिळून तो मळकट थर तयार होतो. अगदी नव्या टायरवरही साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंश राहतो, त्यामुळे नवा टायरसुद्धा पहिल्यांदा नीट घासल्याशिवाय पॉलिश धरत नाही.

नागपुरात यात आणखी भर पडते. शहरातल्या सिमेंट रस्त्यांची राखाडी धूळ उन्हाळाभर टायरवर असते. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहणाऱ्यांच्या गाडीवर वीज केंद्राची बारीक राख येते. पावसाळ्यात शहराबाहेर लेआउटमध्ये किंवा शेताकडे गेलात की काळी माती टायरला धरते आणि ती साधी माती नाही: पाणी पिऊन फुगणारी, वाळली की दगडासारखी घट्ट बसणारी चिकणमाती आहे. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना टायरवर काहीही ओतलं तरी ते क्षणात वाळतं. पुढच्या बऱ्याच सूचना याच कारणाने आहेत.

सामान

दोन बादल्या, प्रत्येकी १५ लिटरच्या. कपडे घासायचा कडक नायलॉनचा ब्रश, दांडा असलेला मिळाला तर बोटं रिमवर खरचटत नाहीत. टायरवरची अक्षरं आणि रिमची कडा यांच्यासाठी एक जुना टूथब्रश. तारेचा ब्रश किंवा भांड्यांची लोखंडी घासणी अजिबात नको, रबरावर ओरखडे पडतात आणि पुढे त्यातच मळ अडकतो. पुसायला दोन जुनी सुती फडकी किंवा मायक्रोफायबरची फडकी. ती टायरसाठीच वेगळी ठेवा, कारण टायरचं फडकं चुकून बॉनेटवर गेलं तर त्यातली वाळू रंगावर रेघा ओढते. पॉलिश लावायला फोमचा तुकडा, भांडी घासायच्या स्पंजची मऊ बाजूही चालते. हातमोजे घाला, ती तपकिरी घाण नखांतून दोन दिवस निघत नाही.

धुण्यासाठी ऑल पर्पज क्लिनर सगळ्यात बरा. दुकानात त्याला एपीसी म्हणतात. १०० मिली क्लिनरला ५०० मिली पाणी, स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवा. चार टायरना एवढं पुरतं. बाटलीवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा. एपीसी नसेल तर भांड्यांचं लिक्विड एक लिटर पाण्यात दोन चमचे, म्हणजे साधारण १० मिली. रंगावरचं वॅक्स उतरवतं म्हणून हे लिक्विड बॉडीला वापरत नाहीत, टायरला मात्र तेच हवं असतं. गाडीचा शॅम्पू बॉडीसाठी ठीक आहे, पण तो मुद्दामच सौम्य बनवलेला असतो, टायरचा जुना थर त्याने निघत नाही.

बाथरूमच्या फरश्या धुवायचं ॲसिड कधीच नको. अलॉय रिम त्याने कायमचे पांढरट डागाळतात आणि ब्रेकच्या भागांना गंज धरतो.

वेळ आणि जागा

उन्हाळ्यात सकाळी सात-साडेसातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर. उन्हात उभ्या गाडीचा टायर दुपारी हात लावता येणार नाही इतका तापतो. मुठीची मागची बाजू टायरवर पाच सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर थांबा. तापलेल्या टायरवर क्लिनर घासण्याआधीच वाळतो आणि पांढरे ओघळ सोडतो. पॉलिशचंही तेच, पसरण्याआधी जिथल्या तिथे बसतं आणि धब्बे दिसतात. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर निदान अर्धा तास उभी राहू द्या. ब्रेकची डिस्क तापलेली असताना त्यावर गार पाणी मारणं डिस्कसाठी चांगलं नाही.

पाणी शक्यतो नळाचं घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर टायरवर क्षारांची पांढरी पावडर दिसते आणि लोकांना वाटतं की पॉलिशच खराब होतं. बोअरशिवाय इलाज नसेल तर धुतल्या धुतल्या फडक्याने पुसून काढा, आपोआप वाळायची वाट पाहू नका. पाइप लावून धुवायची गरज नाही. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते आणि चार टायरना दोन बादल्या व्यवस्थित पुरतात.

पूर्ण गाडी धुणार असाल तर चाकं आधी धुवा, म्हणजे टायरचे घाण शिंतोडे स्वच्छ बॉडीवर उडणार नाहीत. पॉलिश मात्र सगळ्यात शेवटी, गाडी पुसून झाल्यावर.

धुणं: एका वेळी एकच चाक

चारही टायरवर एकदम फवारा मारून ठेवू नका. चौथ्यापर्यंत पोहोचेस्तोवर पहिला वाळलेला असतो.

आधी नुसतं पाणी. मग्ग्याने वरून ओता, मडगार्डच्या आतही मारा. काळी माती वाळून बसली असेल तर ओलं फडकं टायरवर पाच-दहा मिनिटं टाकून ठेवा, ती फुगून सुटते. कोरडी असताना ब्रश मारला तर ती सगळीकडे पसरते आणि मेहनत दुप्पट होते.

मग क्लिनरचा फवारा टायरच्या बाजूच्या भागावर गोल फिरवत मारा, साधारण १५-२० फवारे. एक-दोन मिनिटं थांबा. तेवढ्यात तपकिरी ओघळ खाली येताना दिसायला लागतील. वाळू देऊ नका. आता ब्रश. आधी टायरच्या गोलाईने, मग आडवा, म्हणजे रिमकडून रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीकडे. दोन्ही दिशांनी घासणं गरजेचं आहे, कारण टायरवरच्या बारीक रेघा आणि उठावाची अक्षरं एकाच दिशेने साफ होत नाहीत. घड्याळासारखे चार भाग मनात धरा आणि प्रत्येक भागाला अर्धा मिनिट द्या. कंपनीचं नाव आणि साइजचे आकडे जिथे कोरलेत तिथे टूथब्रश. रिम आणि टायर जिथे भेटतात ती खाच सगळ्यात जास्त विसरली जाते आणि पॉलिशनंतर तिथेच तपकिरी कडी उठून दिसते.

आता फेस बघा. या सगळ्या कामात खरी खूण हीच आहे. पहिल्यांदा फेस चहासारखा तपकिरी येईल. पाणी मारा, पुन्हा फवारा, पुन्हा घासा. फेस पांढरा येईपर्यंत हे करायचं. वर्षभर न घासलेल्या किंवा वॉशिंग सेंटरवर दर वेळी तेलकट पॉलिश मारून घेतलेल्या टायरना तीन-चार फेऱ्या लागतात. नियमित केलं तर एकच. फेस पांढरा झाला, टायर वाळला आणि तो चमक नसलेला, खडूच्या फळ्यासारखा सपाट काळा दिसला, म्हणजे काम झालं. बऱ्याच जणांना टायर असाच आवडतो आणि तिथेच थांबलात तरी काही बिघडत नाही.

टायरचा जमिनीला टेकलेला भाग राहून जातो. तिथे ब्रश नीट बसत नाही आणि फुगवट्याखाली चिखल दडतो. चारही चाकं झाली की चाक अर्धा फेरा फिरेल इतकीच गाडी पुढे घ्या, हँडब्रेक लावा आणि तेवढा भाग पुन्हा घासा. उतारावर हे करू नका.

शेवटी भरपूर पाणी. क्लिनरचा अंश राहिला तर पॉलिश त्यावर धरत नाही. फडक्याने पुसा, अक्षरांच्या खाचांत टोक घालून पाणी टिपा आणि मग दहा मिनिटं तसंच राहू द्या. नागपूरच्या कोरड्या उन्हाळी हवेत तेवढं पुरतं, पावसाळ्यात अर्धा तास. धुऊन झाल्यावर गाडी थोडी पुढे-मागे घेऊन ब्रेक एक-दोनदा हलके दाबा, डिस्कवरचं पाणी जातं.

कोणतं पॉलिश घ्यायचं

दुकानात दोन जातीची मिळतात. दोन्हींत बहुधा सिलिकॉनच, म्हणजे चमक देणारा निसरडा पदार्थ, असतं, फरक ते कशात मिसळलंय याचा.

पाण्यावर आधारलेलं पॉलिश दुधासारखं पांढरं, पातळ किंवा लोशनसारखं असतं. लावल्यावर पांढरट दिसतं, मग पारदर्शक होतं. चमक मंद, नव्या टायरसारखी. धूळ कमी धरते. टिकतं आठवडा-दोन आठवडे, जोराच्या पावसात त्याहून कमी.

सॉल्व्हंटवर, म्हणजे पेट्रोलसारख्या द्रावकावर, आधारलेलं पॉलिश पारदर्शक, तेलकट, पेट्रोलसारख्या वासाचं असतं आणि लेबलवर ज्वालाग्राही असल्याची खूण असते. चमक ओल्या टायरसारखी आणि पावसाला जास्त टिकणारी. पण धूळ पकडतं, जास्त झालं तर बॉडीवर उडतं आणि वारंवार वापरलं तर त्यातला सॉल्व्हंट रबरातलं रक्षक मेण धुऊन नेऊ शकतो.

नागपूरसाठी आमचा सल्ला सरळ आहे: पाण्यावर आधारलेलं घ्या. आठ महिने इथे धूळ असते आणि तेलकट टायरवर ती धूळ बसून संध्याकाळपर्यंत टायर राखाडी होतो. स्प्रेच्या डब्यातलं पॉलिश नवख्यांनी टाळावं. त्याचा फवारा रिमच्या फटीतून ब्रेकच्या डिस्कवर जातो आणि ब्रेकवर सिलिकॉन म्हणजे थेट धोका. गाडीचं डेंटिंग-पेंटिंग होणार असेल तर त्या आधी काही दिवस सिलिकॉनचं काहीच वापरू नका. रंगावर त्याचा अंश राहिला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे बारीक खड्डे पडतात.

आता घरगुती उपाय. डिझेल, रॉकेल, वापरलेलं इंजिन ऑइल, यातलं काहीही टायरला लावू नका. खनिज तेल रबरात शिरतं, ते फुगवतं, मऊ करतं आणि आतलं मेण बाहेर ओढतं. पहिल्या दिवशी टायर सुंदर दिसतो, काही महिन्यांनी बाजूला भेगा दिसतात. काही वॉशिंग सेंटरवर धुणं झाल्यावर शेवटी डिझेलचा फवारा मारायची पद्धत आहे. गाडी देतानाच स्पष्ट सांगा: टायरवर डिझेल मारू नका. खोबरेल तेल धूळ धरतं आणि खवट होतं. बुटांचं पॉलिश पाण्यात उतरून अंगणभर काळे डाग करतं. ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात लावलं तर रबराचं काही बिघडत नाही, पण पहिल्या सरीला ते वाहून जातं. लग्नाला जायचंय आणि घरात दुसरं काही नाही, अशा दिवशी चालेल.

लावणं

एका टायरला ८ ते १० मिली, म्हणजे दोन चहाचे चमचे. चार टायरना ४० मिलीच्या आत. या हिशेबाने ५०० मिलीची बाटली निदान बारा वेळा पुरते. तीन-चार वेळांत संपत असेल तर तुम्ही जास्त लावताय.

बाटली हलवा. पॉलिश फोमवर घ्या, टायरवर ओतू नका. वरून सुरू करून गोलाईने फिरवत या, आधी अक्षरांच्या भागावर, मग रिमच्या कडेला, मग नक्षीच्या कडेपर्यंत. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागावर थेंबही जाता कामा नये. गाडी तिथेच रस्ता पकडते. चुकून गेलाच तर साबणाच्या पाण्याने लगेच घासून धुवा.

दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि कोरड्या फडक्याने हलक्या हाताने एकदा पुसून घ्या. ही पायरी सगळे गाळतात आणि त्याचीच किंमत देतात. रबराने जेवढं धरायचं तेवढं धरलेलं असतं, उरलेलं फक्त उडण्यासाठी आणि धूळ पकडण्यासाठी असतं. पुसल्यावर बोट फिरवून बघा, बोटाला ओलसरपणा लागला तर पुन्हा पुसा. जास्त काळेपणा हवा असेल तर एक जाड थर देण्यापेक्षा अर्ध्या तासाने दुसरा पातळ थर द्या. त्यानंतर तासभर गाडी हलवू नका. रात्री लावून सकाळी काढली तर उत्तम.

काय बिघडतं आणि का

दाराच्या खालच्या भागावर, चाकामागे काळे ठिपके दिसतात: पॉलिश जास्त झालं किंवा पुसलं नाही, वेगात चाक फिरताना ते उडालं. मायक्रोफायबरवर थोडा पातळ एपीसी घेऊन पुसा. उन्हात वाळू दिलंत तर जड जातं.

टायरवर पट्टे किंवा गायीच्या अंगासारखे काळे-फिके धब्बे: पॉलिश लावताना टायर ओला होता किंवा जुना थर काही ठिकाणी शिल्लक होता. वरून आणखी पॉलिश लावून हे झाकलं जात नाही. पुन्हा धुवा.

दोन दिवसांत तपकिरी परत आला: फेस पांढरा व्हायच्या आत तुम्ही थांबलात. महिन्याभराने परत आला तर ते नैसर्गिक ब्लूमिंग आहे, त्याला काही इलाज नको.

पांढरी पावडर: बोअरच्या पाण्याचे क्षार. एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी, फडक्याने पुसा आणि लगेच साध्या पाण्याने धुवा.

घासूनही टायर राखाडीच राहतो: रबर उन्हाने आणि वयाने वाळलंय. पॉलिश ते दोन दिवस झाकेल, पण असा टायर पंक्चरवाल्याला किंवा टायरच्या दुकानात एकदा दाखवून घ्या.

दुचाकीला हे लागू नाही

स्कूटर किंवा मोटरसायकलच्या टायरवर पॉलिश लावायचं नाही, बाजूलाही नाही. वळताना दुचाकी झुकते आणि टायरची कडाच रस्त्याला टेकते. तिथे सिलिकॉन असेल तर गाडी घसरते. घरातली पोरं उत्साहाने कारच्या पॉलिशचा हात दुचाकीलाही मारतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. दुचाकीचा टायर साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने घासला की तेवढा काळा पुरे.

किती वेळा

उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांतून एकदा पूर्ण घासणं आणि पॉलिश. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या, दिवसांत ते सोडूनच द्या, सकाळी पाण्याने धूळ काढली तरी खूप. जुलै-ऑगस्टमध्ये पॉलिशवर पैसे घालू नका, पाऊस ते टिकू देत नाही. त्या दिवसांत मडगार्डच्या आतला काळ्या मातीचा चिखल काढणं जास्त महत्त्वाचं, तो आत वाळून राहिला की ओल धरतो आणि पत्र्याला गंज लागतो. दिवाळीच्या आधी एकदा तीन-चार फेऱ्यांचं मोठं घासणं केलं की हिवाळाभर एका फेरीत भागतं.

घासताना डोळे टायरच्या इतके जवळ असतात की तपासणीही त्यातच करून टाका. बाजूला फुगवटा दिसला तर तो टायर बदला, आतले धागे तुटलेले असतात आणि तो कधीही फुटू शकतो. नखाने चाचपता येतील इतक्या भेगा असतील तरीही दाखवून घ्या. नक्षीच्या खाचांत तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिमी असते. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. बाजूला डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३वा आठवडा, ही टायर बनल्याची तारीख. चाकं थंड असतात म्हणून हवेचा दाब बघायलाही सकाळची हीच वेळ योग्य. योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. समृद्धी महामार्गावर निघणाऱ्यांनी तर हे सगळं आदल्या दिवशीच बघून ठेवावं. सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर तासन् तास वेगात जाताना कमी हवेचा टायर फार तापतो, आणि तिथे टायरचा काळेपणा उपयोगाचा नसतो.

काम झाल्यावर फोमचा तुकडा पॉलिशसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, पुढच्या वेळी कमी पॉलिश लागतं. बाटली डिकीत ठेवू नका. मेच्या उन्हात बंद गाडी भट्टी होते, त्यात पाण्याचं पॉलिश फाटून पाणी आणि चिकटा वेगळा होतो आणि सॉल्व्हंटचं तर पेट घेणारं आहे. घरात सावलीला, मुलांच्या हाताला येणार नाही अशा फळीवर ठेवा.